बंद करायची बटणं

२०२० च्या एप्रिलमध्ये आमचा गाण्याचा क्लास मोबाइलमध्ये शिरला. बाई ठाण्याला, मी डोंबिवलीला, बाकीच्या तिघी आपापल्या घरी अडकलेल्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आधी तानपुरा लाव गं."

"लावलाय बाई."

"मग ऐकू का येत नाही?"

मी आवाज वाढवला. फोन उचलून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला अगदी टेकवला. तिकडे म्हणे क्षणभर सूर उमटायचा आणि फुंकर मारल्यासारखा विझायचा. मी गायला लागले की माझ्या आवाजाला चिकटून थोडासा यायचा, मी थांबले की तोही गायब. चार दिवस आम्ही सगळ्या जणींनी आपापल्या वायफायला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी बाईंच्या मुलानं कारण शोधून काढलं. कॉलच्या ॲपमध्ये मागचा गोंगाट पुसायची सोय असते. जे एकसारखं, न बदलता चालू आहे ते गोंगाट. जे चढतं, उतरतं, मध्येच थांबतं ते बोलणं, असा तिचा साधा हिशेब. पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर तिला पुसायची असते. तानपुऱ्याचं तर कामच एकसारखं वाजत राहायचं. तिनं इमानेइतबारे त्याला पंख्याच्या रांगेत बसवलं होतं. सेटिंग्जच्या अगदी तळाशी 'मूळ आवाज तसाच जाऊ द्या' अशा अर्थाचं एक बटण होतं. ते दाबलं आणि तानपुरा घरी परतला.

रेकॉर्डिंगचं सामान मी त्यानंतर दोन वर्षांनी जमवायला घेतलं, पण खरी शिकवणी त्या बटणानं झाली. पुढे जे जे विकत घेतलं किंवा फुकट उतरवून घेतलं, त्यात मी पहिल्यांदा हेच बघत गेले, की यात आपल्याला न विचारता काय काय होतं आणि ते बंद कुठून करायचं.

निमित्त मामांचं. आईचे थोरले भाऊ, मिरजेचे, वय ७८. पन्नासएक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातात. त्यांच्या गाण्याची आमच्याकडे एकच खूण होती, १९८८ च्या गणपतीत घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली साठ मिनिटांची कॅसेट. ती संगणकावर उतरवताना आवाज असा बोथट यायचा, की मामा उशीत तोंड खुपसून गातायत. मग कळलं, की टेपच्या हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो. हेड जरा जरी तिरकं असलं तरी टेपवरचे वरचे स्वर मरतात. कॅसेट चालू ठेवून घड्याळजीच्या पेचकसानं तो स्क्रू केसभर फिरवला आणि एका क्षणी टाळ लख्खकन वाजले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हाताला धरून आणलं. अर्थात टाळांबरोबर सरसरही वर आली. कॅसेटवर ती असायचीच. म्हणून त्या काळी सगळे आवाज होईल तितका मोठा भरायचे, काटा लाल पट्टीला टेकेपर्यंत, म्हणजे सरसर खाली दबायची. ही सवय आजही जात नाही. आता २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना कागदोपत्री १४४ डेसिबलची जागा मिळते. प्रत्यक्षात यंत्रं तिथवर पोचत नाहीत, तरी एवढी मिळते की सगळ्यात मोठी तान उणे बारावर, म्हणजे कमाल पातळीच्या बारा डेसिबल खाली, थांबली तरी काही बिघडत नाही. उलट लाल पट्टीला टेकलं तर आवाज तिथे सपाट कापला जातो आणि तो कुणी परत जोडून देत नाही. मला हे पटायला सहा महिने लागले. काटा खाली दिसला की हात आपोआप वर जायचा.

२०२२ मध्ये मामा मोतीबिंदूसाठी महिनाभर आमच्याकडे येणार असं ठरलं आणि मी खोलीकडे बघितलं.

आमची आतली खोली दहा बाय बारा. खिडकीतून रूळ दिसत नाहीत, पण गाडी फास्ट आहे की स्लो ते आवाजावरून सांगता येतं. नवरा कुठेतरी वाचून अंड्यांचे तीसेक ट्रे घेऊन आला. मी ते अंडीवाल्याला परत दिले. त्या पातळ पुठ्ठ्यानं वरचे थोडेसे स्वर शोषले जातात, बाकी काही नाही, आणि ठिणगी पडली तर भिंतभर जळण तयार. शिवाय लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. खोलीतला आवाज खोलीत घुमू न देणं हे एक काम, आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे दुसरं. पहिलं घरगुती उपायांनी बरंचसं जमतं. दुसऱ्याला वजन लागतं, जाड भिंत लागते, फट न राहणारं दार लागतं, आणि सोसायटीची परवानगी. दुसऱ्याचा नाद मी सोडून दिला.

पहिल्यासाठी आजीच्या गोधड्या काढल्या. जुन्या नऊवारींचे थर एकावर एक घालून शिवलेल्या, पाण्यात भिजल्यासारख्या जड. त्या भिंतीला चिकटवून लावायच्या नाहीत. भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरी बांधून वाळत घातल्यासारख्या टांगायच्या. मागे हवा राहिली की त्या जास्त आवाज खातात. तीन गोधड्यांत खोलीतली टाळी विरली. आधी टाळी वाजवली की भिंती 'च्यँ' करून उत्तर द्यायच्या, ते थांबलं.

खालचे स्वर मात्र गोधडीला दाद देत नाहीत. बारा फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ९४, १४१ असे सूर भिंती-भिंतींत अडकून फुगतात. मामांची पट्टी काळी एक. त्यांचा सा १३९ च्या आसपास, म्हणजे बरोब्बर खड्ड्याच्या काठावर. भिंतीला टेकून बसवलं तर सा ढोलासारखा व्हायचा, खोलीच्या अगदी मधोमध घेतलं तर तोच सा पोकळ. शेवटी भिंतीपासून पाच फुटांवर सतरंजीची जागा ठरली आणि तिथे मी खडूनं खूण केली. ज्याला आपण नेहमी 'अमक्या खोलीत गळा लागतो' म्हणतो, त्यात असं काही असावं असं मला आता वाटतं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या देवळात खांबाला टेकून बसलं की सा आपोआप लागतो. मला वाटायचं पांडुरंगाची कृपा."

माइकवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा सर्वांत कमी उपयोग झाला, हे कबूल करते. रात्री दोनदोन वाजेपर्यंत लोकांनी केलेल्या तुलना ऐकायच्या, तेच गिटार, तोच गोरा मुलगा, आठ माइक. पेटी कुणीच वाजवत नव्हतं. सगळे सांगायचे की घरी डायनॅमिक घ्या, तो आजूबाजूचं घेत नाही. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक, आपल्या प्रत्येक मांडवात दिसतो तो, त्याचं उदाहरण द्यायचे. हे अर्धसत्य आहे. डायनॅमिक माइकला दूरचं कमी ऐकू येतं कारण आपण त्याला ओठांशी धरतो. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, मग माइक कुठलाही असो. वीतभर अंतरावरून दोन हातांवर गेलात की गाणं खाली जातं आणि लोकल आहे तिथेच राहते. पण मामा ओठांशी माइक घेऊन गाणारच नाहीत. ते गाताना मान हलवतात, समेवर पेटीकडे झुकतात, डावा हात भात्यावर. जवळ धरलेल्या माइकमध्ये त्यातल्या प्रत्येक झुकण्याला आवाजाचा रंग बदलतो, जवळ आलं की खर्ज फुगतो. त्यांना हलू नका म्हणणं म्हणजे गाऊ नका म्हणणं.

म्हणून दोन बारके कंडेन्सर जातीचे माइक घेतले, पेन्सिलीसारखे, जोडीचे. एक गळ्यासमोर दीड वीत, एक पेटीच्या मागच्या अंगाला जरा उंचावर, म्हणजे सूर मिळतात आणि भात्याचा वारा थेट लागत नाही. केबली आणि स्टँड लॅमिंग्टन रोडवरून. ग्रँट रोडला उतरून भर दुपारी चार दुकानं हिंडले, कारण प्रत्येक जण मला कराओकेचा सेट दाखवत होता. घरी येऊन सगळं जोडलं तर माइक मुके. अर्धा दिवस गेला. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा केबलमधूनच द्यावा लागतो आणि त्याचं बटण इंटरफेसवर असतं, ते मी दाबलंच नव्हतं. माझ्या सगळ्या प्रवासातलं चालू करायचं बटण ते एकच.

इंटरफेस म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधली डबी. दोन माइक लागतील अशी घेतली. त्यात एक गोष्ट बघून घ्यावी असं मी सांगेन, थेट ऐकण्याची सोय. नाहीतर काय होतं, गळ्यातला आवाज माइकमधून संगणकात जातो, तिथे थोडा थोडा साठवून पुढे सरकवला जातो आणि मग हेडफोनात येतो. आवाजाच्या ५१२ नमुन्यांचा साठा ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांना, जायलाच साडेअकरा मिलिसेकंद, यायला तेवढेच, वर किरकोळ. पंचवीस-तीस मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा चाळिसावा हिस्सा. मला वाटलं होतं, कुणाला कळणार. मामांनी हेडफोन लावला, एक ओळ गायली आणि काढून मांडीवर ठेवला.

"कुणीतरी मागून गातंय."

"तुमचाच आवाज आहे मामा."

"माझा असता तर माझ्याबरोबर आला असता."

थेट ऐकण्याचं बटण दाबल्यावर आवाज संगणकाला वळसा न घालता परस्पर कानात येतो. तरीही त्यांनी हेडफोन एकाच कानावर ठेवला, दुसरा उघडा. गाणारे हात कानाशी नेतात, त्यातलाच प्रकार. मी काही बोलले नाही.

आता सॉफ्टवेअर. इथे माझं खरं भांडण झालं. भांडण कुठल्या एका कंपनीशी नाही, पडदा उघडल्यावर जे गृहीत धरलेलं असतं त्याच्याशी. बहुतेक ठिकाणी नवं काम उघडलं की मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचा माप मांडूनच ठेवलेला असतो. पडदाभर उभ्या रेघा. काही रेकॉर्ड करून उचललं की ते सरकून जवळच्या रेघेला चिकटतं. या सगळ्यामागे एक संगीत आहे, ज्यात ठोका आधी ठरतो आणि माणसं नंतर येतात. तसं संगीत करणाऱ्याला ही मोठी सोय आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण आमच्या क्लासमध्ये विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटाला येऊन टेकतं. बारा मात्रा, मिनिटाला बारा ठोके. एबलटन लाइव्ह नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मिनिटाला २० ठोक्यांच्या खाली उतरतच नाही. मात्रेचे तुकडे करून मोजता येतं, नाही असं नाही, पण बघा ना, आपली लय त्याच्या जमिनीच्याही खाली आहे. आणि मामांचं भजन तर एका लयीत राहतच नाही. रूपाचा अभंग संथ सुरू होतो, पुढे मंडळी तापतात, लय चढते, आणि ती किती चढली हे कुणी ठरवलेलं नसतं. पखवाजवाला आणि मामा एकमेकांकडे बघतात, बस्स. त्याला रेघेला चिकटवायचं म्हणजे पुराला पाट काढून देण्यासारखं.

ऑडॅसिटी मी आधीपासून वापरत होते. २००० सालापासून फुकट मिळतं, कॅसेट उतरवायला उत्तम. दोन-तीन माइकांची जमवाजमव करायला पुढे रीपर घेतलं. ते ज्यानं लिहिलं त्या जस्टिन फ्रँकलनंच १९९७ मध्ये विनॲम्प केलं होतं, हे कळल्यावर माझं निम्मं मत तिथेच झालं. कॉलेजात असताना विनॲम्पवर गाणी ऐकलेल्या माणसाकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नये. साठ दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती वापराला साठ डॉलर. पण घेण्याचं खरं कारण हे, की त्यात सगळं बंद करता येतं. ठोका बंद. रेघा बंद. रेघेला चिकटणं बंद. वरच्या पट्टीवर मापांऐवजी मिनिटं आणि सेकंद. हे करून झाल्यावर पडदा इतका रिकामा दिसतो की कॅसेट घातल्यासारखं वाटतं. मी हा रिकामा पडदा साचा म्हणून जतन करून ठेवलाय.

सूर सुधारणारी साधनं मी एकदाच लावून पाहिली. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलासाठी जमिनीत सोडलेल्या लहरींचा अभ्यास करायचे, आणि तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. गणिताबद्दल आदर आहे. पण माझ्याच एका मींडेवर ते सोडलं तर पंचमापासून गंधारापर्यंतच्या घसरगुंडीच्या पायऱ्या झाल्या, आणि आंदोलित धैवत हा त्याला दुरुस्त करायचा आजार वाटला. साधन मंद ठेवलं तर आजार कमी वाटतो, एवढंच. गोंगाट काढणाऱ्या साधनाचीही तीच कथा. नमुन्यासाठी शांततेचा तुकडा द्यावा लागतो. मी घाईत दिला त्या तुकड्यात तानपुरा चालू होता. बटण दाबलं आणि २०२० चा एप्रिल परत आला. गाणं राहिलं, तानपुरा साफ. आता आधी तानपुरा आणि पंखा दोन्ही बंद करून दहा सेकंद नुसती खोली भरून घेते.

यंत्रासाठी गाणं वाकवणं काही आजचं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रण करायला आला तेव्हा गायिका गौहर जान भोंग्यासमोर गायल्या, राग तीनेक मिनिटांत बसवला आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्यांना कळायला हवं होतं की हे कुणाचं गाणं. मामांच्या पेटीचंही तसंच. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, कारण तिला मींड नाही, श्रुती नाहीत. ते दार उघडायला १९७१ उजाडलं. मामा म्हणतात, "तोवर आम्ही देवळात वाजवत होतो. देवाला श्रुतींचं एवढं काही नव्हतं."

पेटीनंही मला दोन तास घुमवलं. ॲपमधला तानपुरा काळी एकला लावला आणि मामांनी काळी एक दाबली, तर दोघांचं जमेना, लाटा यायला लागल्या. ॲपचा सूर ४४० च्या हिशेबानं बांधलेला, आणि मामांची पेटी त्यांच्या वडिलांच्या वेळची, तिचे सूर कुठल्या हिशेबानं घासले देव जाणे. मी पेटीवाल्याकडे न्यायची भाषा काढली तर ते पेटीवर हात ठेवून बसले. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरतात. मी ॲपमध्ये एकेक सेंट चढवत गेले आणि मामा डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता "अजून, अजून, हां, पुढे गेलीस, मागे" करत राहिले. एकोणिसावर लाट थांबली. मिरजेच्या माणसाला यात नवल वाटलं नाही. तिथे भोपळ्याच्या तानपुऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तार यांच्यात दोरा इतकाच सरकवतात, आणि तो कुठे थांबवायचा हे कुठल्याही आकड्यात मावत नाही. त्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी म्हणजे तसं पाहिलं तर तारेची घोडीवर होणारी झणझण. इंजिनियरकडे नेलं तर तो आधी तीच काढून टाकेल.

रेकॉर्डिंग झालं ते एका बुधवारी. शेवटची लोकल गेल्यानंतर रात्री दीड ते पहाटे चार एवढी खिडकी आमच्याकडे असते, तीही मालगाडीच्या मेहेरबानीवर. मामांना तशीही झोप लागत नव्हती. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, त्यावर गाडीची किल्ली ठेवलेली, म्हणजे सकाळी निघण्याआधी फ्रिज चालू करायचा विसरणार नाही. मी म्हटलं, "मामा, चुकलं तर तेवढंच परत भरता येतं, पुढचं-मागचं जोडून देते." त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या अभंगात शब्द अडखळला. त्यांनी हात उचलला, पाणी प्यायले आणि पहिल्या अभंगापासून सुरुवात केली. एकतीस मिनिटांची फाइल आहे. तिला मी सुरुवातीची खोकल्याची चार सेकंदं सोडून कुठे कात्री लावली नाही.

दुसऱ्या दिवशी ऐकून झाल्यावर त्यांनी माइक किती अंतरावर होते ते विचारलं, डबीत अजून किती भोकं आहेत ते विचारलं, आणि म्हणाले, "पुढच्या एकादशीला मंडळाचं करू की."

मंडळात अकरा जण. पखवाज, पेटी, वीणा, बाकी टाळ. डबीला भोकं दोन. आठ भोकांच्या डबीच्या किमती मी दोन रात्री बघितल्या आणि तिसऱ्या रात्री शहाणी झाले. ते दोन बारके माइक १७ सेंटिमीटर अंतरावर ठेवून एकमेकांपासून ११० अंशांत फाकवायचे, ही फ्रान्सच्या रेडिओची पद्धत आहे. सगळ्यांना मिळून एकच कान-जोडी. शिवणाच्या टेपनं मोजून लाकडाच्या पट्टीवर मी ती बसवूनही घेतली. देवळात गोधड्या लागणार नाहीत, तिथे दगडाचं घुमणं हवंच आहे. फक्त या पद्धतीत कोण किती ऐकू यायचं ते बसण्याच्या जागेवरून ठरतं, नंतर काही कमी-जास्त करता येत नाही. टाळांचा आवाज चढा, त्यामुळे टाळकऱ्यांना माइकपासून चार हात मागे बसवायला हवं. आणि टाळकऱ्यांत सर्वांत पुढे, विठोबाच्या अगदी समोर, गेली चाळीस वर्षं जे अण्णा बसतात, त्यांना हे कोण सांगणार यावर मिरजेला अजून फोनाफोनी चालू आहे.